बशी वाजतेय तोवर

प्रिय आई,

तुला लिहायचं म्हणून मी पाच महिन्यांत सहा पोस्टकार्डं विकत घेतली. त्यातलं एक या घराच्या खिडकीच्या फटीत खोचलंय, वारा अडवायला. एकावर एका मच्छीमारानं मला बंदराबाहेरचे खडक काढून दाखवले. बाकीच्यांचं काय झालं ते विचारू नकोस. लिहायचं म्हणजे आधी बसावं लागतं, आणि बसणं मला कधी जमलंय? आज मात्र सुटका नाही. चार तास या खुर्चीवरून हलायचं नाही असा हुकूम आहे.

हुकूम बेथियाबाईचा. मी हिच्या घरी राहतो. बटाटे काढायचं काम संपलं, मग जत्रेत पाळणे फिरवले, मग एका ट्रकवाल्यानं मला पोर्टलाहरला उतरवलं. वीस-बावीस घरं, सगळी समुद्राकडे खांदा करून उभी. बेथियाबाई चौऱ्याऐंशी वर्षांची, घरात एकटी. गेल्या हिवाळ्यात तिचे कान पुरते गेले. ओठ बघून बोलणं ओळखते, पण पाठ फिरली की सगळं बंद. फेब्रुवारीत शेगडीवरचं पातेलं आटून जळलं आणि धूर आधी शेजाऱ्यांना दिसला. तेव्हा तिची मुलगी लॉर्ना अॅबर्डीनहून आली आणि तिनं शेगडीची चारही बटणं उपटून काढली. उन्हाळ्यापर्यंत शेजाऱ्यांनी जेवण पुरवलं, मग तिनं दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली. ती मी वाचली. लॉर्ना मला म्हणाली, "खोली फुकट, जेवण फुकट. ही बटणं तुझ्या खिशात. आईच्या हाती द्यायची नाहीत. चहासुद्धा तूच करायचा."

म्हणजे ज्याला धड अंडं तळता येत नाही तो मी पाच महिने त्या स्वयंपाकघराचा राजा. बेथियाबाई माझं सूप चमच्यानं ढवळते आणि म्हणते, "या बुडालेल्या बटाट्याच्या घरच्यांना कळवलंस का रे?"

येत्या रविवारी लॉर्ना येणार आणि तिला शहरातल्या वृद्धाश्रमात घेऊन जाणार, असं ठरलंय. आज सकाळी बेथियाबाईनं माझ्यापुढे हात पसरला. "भटक्या, बटणं दे. एकदाच फडक्यात बांधून उकडायचं ते डम्पलिंग करते. अख्खं उतरलं तर रविवारी लॉर्नाच्या पुढ्यात ठेवीन आणि म्हणेन, बघ, हे चूल सोडलेल्या बाईचं काम आहे का? आणि फुटलं तर माझ्या पायांनी गाडीत जाऊन बसेन. रडणार नाही, भांडणार नाही."

मी बटणं दिली. शब्द मोडला, माहीत आहे.

आई, तू माझ्या प्रत्येक वाढदिवसाला डम्पलिंग करायचीस आणि मी ते फक्त ताटात पाहिलंय, वर साय आल्यासारखी ती तुकतुकीत तपकिरी कातडी. ती कातडी येते कुठून हे मला आज कळलं! उकळत्या पाण्यातून उशीचा जुना अभ्रा बेथियाबाईनं नुसत्या हातांनी काढला, पिळला, टेबलावर पसरला आणि त्यावर पीठ असं भिरकावलं की एकही जागा कोरडी राहिली नाही, एकही जाड झाली नाही. तेच पीठ पाण्याशी मिळून कातडी होतं. मग चरबी, पाव कुस्करून, मनुका, सुंठ, दालचिनी, काकवी, ताक. वजनकाटा नाही, वाटी नाही. तिनं मिश्रण मुठीत धरून दाबलं, बोटांकडे बघितलं आणि अजून एक घोट ताक घातलं. फडक्याची मोट बांधताना गाठीखाली दोन बोटं जागा सोडली. "याला फुगायला जागा लागते," ती म्हणाली, "तुझ्यासारखीच. आवळून बांधलं की फुटतं."

आणि भांड्याच्या तळाशी एक बशी पालथी. पाणी उकळतंय तोवर बशी तडतड वाजत राहते. गप्प झाली म्हणजे उकळी मोडली. उकळी मोडली की पाणी फडक्यात शिरतं आणि आत नुसता लगदा. कान होते तेव्हा बेथियाबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता ती बशी ऐकायची. आता माझे कान. "मी बघितलं की मान हलवायची. जीभ नको, नुसती मान."

तासभर हलवली. मग खिडकीतून खडकावर सील दिसले, सात, त्यातला एक म्हातारा सगळ्यांना ढकलून उन्हात जाऊन पडायचा, हुबेहूब आपल्या बसथांब्यावरचे मिस्टर पेट्री. हसून वळतो तर भांड्यातलं पाणी खाली गेलेलं. घाईत मी नळाचं गार पाणी ओतलं. गाढवासारखं, तांब्याभर. बशी गप्प.

बेथियाबाई टेबलाच्या त्या टोकाला डोळे मिटून बसली होती, तळहात टेबलावर उताणा नाही, पालथा. माझ्या तोंडून शब्द नाही, मान नाही. तिचे डोळे उघडले. "थांबलं," ती म्हणाली. "काय ओतलंस?"

उठली, ज्योत मोठी केली, किटलीतलं उकळतं पाणी काठाकाठानं सोडत गेली. बशी पुन्हा बोलायला लागली. मग तिनं माझा हात धरून टेबलावर दाबला. टेबल शेगडीला चिकटवून ठेवलंय, इतके दिवस मला वाटायचं जागेच्या टंचाईनं. "ऐक," ती म्हणाली. आधी काहीच नाही. मग मनगटाच्या हाडात, मुठीत मधमाशी धरल्यासारखं काहीतरी. मी उत्तरेकडे जाणाऱ्या होडीवरून ध्रुवीय प्रकाशानं हिरवं झालेलं आकाश पाहिलंय. होडीपेक्षा लांब देवमासा पाहिलाय. पण हे त्याहून मोठं नवल. मी ओठ हलवून विचारलं, मग फेब्रुवारीत पातेलं कसं जळलं? "तेव्हा टेबल भिंतीशी होतं," ती म्हणाली. "बहिरं व्हायलाही शिकावं लागतं की नाही? तूच एकटा पहिल्या दिवसापासून शहाणा."

पाच महिने मी या बाईवर पहारा केला, आई. या बाईवर!

आता जे लिहायला मी सहा कार्डं वाया घालवली ते. नव्या वर्षाला घरी येईन असं मी तुला म्हणालो होतो. येत नाही. डम्पलिंग अख्खं निघालं तरी लॉर्ना विचारणारच, आई झोपलेली असताना दारावरची थाप कोण ऐकणार, धूर झाला तर कोण धावणार. तेव्हा मी सांगणार आहे की मी ईस्टरपर्यंत इथेच आहे. घर सोडल्यापासून तुझ्याकडे आठवडाभरही न टिकलेला मुलगा परक्या म्हातारीपाशी हिवाळा काढणार, हे तुला लागेल. म्हणूनच दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. एकोणीस वर्षं, दर वर्षी, तू चार तास भांड्याशी बसलीस आणि मी रस्त्यावर हुंदडत होतो. तुझ्या बशीचा आवाज मला आठवत नाही, कारण मी तो कधी ऐकलाच नाही. थांब, दार उघडलं. लॉर्ना आलीय! रविवारची बाई गुरुवारीच. उंबऱ्यात उभी आहे, शेगडीच्या चार बटणांकडे बघतेय, मग माझ्याकडे. मला उठता येत नाही, अजून वीस मिनिटं आहेत, म्हणून खाली मान घालून लिहितोय. ओरडायला तिनं तोंड उघडलं होतं. पण बेथियाबाई पाठमोरीच म्हणाली, "लॉर्ना, दार लाव गं, वारा येतोय." पावलावरून ओळखलं असणार, जमिनीतून. लॉर्ना न ओरडताच वळली. आता तिनं दार लावलंय. कोट काढलाय, आणि नळावर कोपरापर्यंत हात धुतेय. तो गोळा भांड्यातून उचलायला दोघीजणी लागतात, हे तिला कुणी सांगायची गरज नसावी.

तुझाच,
इनिस