डोंगरावरच्या शाळेसाठी

३ फेब्रु., मंगळ.
बदलीचा फॉर्म २५ पर्यंत भरायचा. पायाचं सर्टिफिकेट जोडलं तर इथंच, सेलूच्या जवळ, रस्त्यावरची शाळा मिळेल. हाड सांधून वर्ष झालं. हे म्हणतात, जोड आणि मोकळी हो. मला मात्र जिंतूरच्या डोंगरावरची तांड्याची शाळा हवीय. एकच शिक्षक, आणि गाडीरस्ता संपला की पुढं नुसती पायवाट. का हवीय ते यांना सांगता येईना. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली शिकवलं. एकदा तरी पूर्ण शाळा माझी...

११ फेब्रु., बुध.
चढायचा सराव करायला सेलूत डोंगर कुठला! पहाटे स्टेशनचा पूल, बारा वेळा वर-खाली. मंदा बाकावर बसून मोजते. शाळेतही ती माझ्या शेजारच्याच वर्गावर. चहावाल्यानं आज विचारलंच, "ताई, रोज कोणती गाडी सुटायलीय तुमची?" मंदा हसून बेजार. मोजणी चुकली, दोन फेऱ्या जास्त झाल्या.

२२ फेब्रु., रवि.
गेलो! मी, मंदा, आणि शैलाताई. त्या बँकेतून रिटायर, गाडी त्यांचीच. साडेचारला निघालो, पायथ्याला अंधारच होता. चढण झकास. मंदाच चारदा बसली. उजाडलं तेव्हा सगळा उतार पळसानं लाल. शाळेला कुलूप. खिडकीतून फळा पाहिला, नीट पुसलेला होता. फार बरं वाटलं.
उतरताना फजिती. पुलाला कठडा होता, इथं काय धरणार? हात सारखा बाजूला जायचा आणि रिकामा यायचा. शेवटी खालीच बसले, बसूनच घसरत निघाले. शैलाताई धीर देत होत्या, पण त्यांचंही तोंड उतरलेलं. मनात आलं, संपलं सगळं.
मागून सरपणाचा भारा घेतलेली तांड्यावरची एक बाई आली. भारा उतरवून थांबली.
"सरळ काहून उतरायल्यात, बाई? पाय आडवा टाका. वाट बी आडवी धरा."
तिच्या मागं मागं, तिरपं तिरपं, पायथ्यापर्यंत आले. हात कुठं गेला नाही. मी मास्तरीण आहे हे मंदानं तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "पावसात बी येताल का?"


२४ फेब्रु., मंगळ.
मांड्या दगड झाल्यात. यांना सगळं सांगितलं, घसरलेलं सुद्धा. म्हणाले, "पावसाळ्यात धरायला मी येऊ का रोज?" म्हटलं, रोज नको, एखाद्या रविवारी या, शाळा दाखवते. ताट उचलताना म्हणाले, "बूट चांगले घे मग." म्हणजे राग अर्धा गेला.

२५ फेब्रु., बुध.
भरला. सवलत हवी का, नाही. पहिली पसंती, तांडा. यादी कधी लागेल कोण जाणे. दुसऱ्या कुणी मागितली असली तर मिळणारही नाही.
मंदाला फोन केला. ती म्हणाली, "मंग मी सकाळी कुणासंगं फिरू गं?"
याचा मी विचारच केला नव्हता. म्हटलं, यादी तर लागू दे. फोन ठेवला आणि रडू आलं. आनंदही तेवढाच होत होता.