शेजारच्या मावशींचं लाखेचं मेज

आई, दर शुक्रवारी तुझा कसला गं उपास असायचा? शेजारच्या बर्मी मावशी जेवायला बोलवायच्या, नेमका त्याच दुपारी तो निघायचा. अल मनखूलच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ते लाखेचं बुटकं गोल मेज मांडलेलं असे. मधोमध कालवणं, सगळ्यांत मिळून सूपचा एक वाडगा, भोवती आम्ही मांडी घालून. तू मात्र सोफ्यावर. भाताचा पहिला चमचा वयानं मोठ्या माणसाचा, हा त्यांचा रिवाज, आणि तिथे सगळ्यांत मोठी तू. तू जेवणार नाहीस हे माहीत असूनही त्या तुझ्या नावाचा चमचाभर भात आधी बाजूला काढायच्या, मगच आम्हाला वाढायच्या. वर तुझ्या उपासाला पपई कापून द्यायच्या. आणि घरी आल्यावर तू म्हणायचीस, "एकाच वाडग्यात सगळ्यांचे चमचे. उष्टं नुसतं! मला नाही बाई जमत."

उष्टं? बाबांचं जेवण झालं की त्यांच्याच ताटात वाढून घेणारी तू! तेव्हा मी दहा वर्षांची होते, हे तोंडावर म्हणायची छाती नव्हती. तू जाऊन बारा वर्षं झाली तरी आज लिहिताना अंगाचा तिळपापड होतोय. यांगूनला परत जाताना मावशींनी ते मेज तुलाच दिलं. तू ते लख्ख पुसून दरवर्षी त्यावर गणपती बसवलास. देवाला चाललं ते तुला का चाललं नाही? एक दुपार बसली असतीस तर काय बिघडलं असतं?

काल मावशी माझ्या घरी आल्या होत्या, ते मेज आता माझ्याकडे असतं. जुमेरा लेक टॉवर्सला मुलाकडे आल्यात. गुडघे गेलेत, तरी हट्टानं खाली बसल्या आणि मेजावरून हात फिरवत राहिल्या. माझी लेक कुजबुजली, "ममा, व्हाय इज शी क्राइंग?" तेवढ्यात मावशींनी विचारलं, "मम्मी का उपवास बहुत था. बाद में कभी इस पे खाना खाया उसने?"

त्या येणार म्हटल्यापासून मी ठरवलं होतं, सगळं खरं सांगून टाकायचं. इतक्या वर्षांनी तरी त्यांना कळायला हवं होतं.

"हाँ मौसी, रोज," मी म्हणाले.

त्या इतक्या खूश झाल्या, आई, की मला तिथे बसवेना. हे पत्र मी फाडूनच टाकणार आहे. तुला नावं ठेवायची तर मीच ठेवीन. दुसऱ्या कुणी ठेवलेली मला अजूनही खपत नाहीत.