अक्षता कुठे गेल्या

मंगळवार, घरी आल्यावर

आज मी गिऱ्हाईकासमोर बोलले. मी! नववीत शाळा सोडली तेव्हापासून अनोळखी माणूस समोर आला की माझं तोंडच उघडत नाही.

कुळगावच्या काकू आमच्या कॅम्प चार भागातल्या दुकानात आल्या होत्या, स्वतःच्या लग्नाची साफ केलेली फिल्म बघायला. त्यांचे वडील आता नाहीत. ते हलताना दिसतात ते फक्त याच रिळात. काकू मधेच म्हणाल्या, "अगं, बाबांचा हात वर गेलाय, पण अक्षता कुठायत?"

खरंच. हात वर, आणि हातातून काहीच पडत नाही. काल साफ करताना मला कसं दिसलं नाही?

आमचे शेठ हरेशभाई म्हणाले, "आंटी, पुराना रील है, उड गया होगा."

"नाही काकू," मी म्हटलं, "रिळात आहेत. माझ्याकडून पुसल्या गेल्या."

कॉम्प्युटर प्रत्येक फ्रेमचे तुकडे करतो आणि सगळे तुकडे एकदम साफ करतो. जो ठिपका मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, तो त्याला कचरा वाटतो. पडणारी अक्षतासुद्धा. पण या रिळावरची धूळ काळी दिसते, अक्षता पांढऱ्या! मग तेवढ्या भागात फक्त काळे ठिपके काढायला लावले आणि परत चालवलं. थोडे पांढरे ओरखडे राहिले. राहू देत.

"अरे, ये बोलती भी है?" हरेशभाई हसले.

बाबांचा हात वर गेला. अक्षता पडल्या. काकूंनी खुर्चीतच मान खाली घातली, नवरीसारखी.