दादाच्या हातची माती

हे लिहायला फार उशीर केला, त्याची आधी माफी मागतो. हेझेकिया, बाळा, तू दोन वर्षे मागे लागला होतास. पण मृत्युपत्र लिहिले की माणूस लगेच जातो, असे आमच्या टेकडीवर म्हणतात. ख्रिस्तात माझा नवा जन्म झाला, तरी ही भीती जुन्याच माणसाची उरली आहे.

मी एनोस्सी बितारिहो, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, सुतार, मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला, डोके शाबूत असताना आणि कोणी धाक घातलेला नसताना लिहितो, की

१. घर आणि केळीची बाग माझी पत्नी यूनिया हिची. ती आहे तोवर तिला कोणी उठवू नये. भावकीने तर मुळीच नाही.

२. लाकूड तासायचा वाकस, करवत, छिन्न्या आणि खालचे शेत मुलगा हेझेकिया याला. या वाकसाने मी आधी ज्वारीची दारू आंबवायच्या डोण्या कोरल्या, तारण झाल्यावर देवळाची बाके केली. तू डोणी कोरू नकोस.

३. पाळकांच्या बकरीने माझे रताळ्याचे वेल दोनदा खाल्ले. माफ केले. तरी बकरी बांधावी.

४. वरचे शेत थोरले बंधू रुवामाफा यांना. कारण लिहितो. तरुणपणी आम्ही दोघांनी दारूच्या भरात देवळाच्या नगाऱ्याचे कातडे फाडले, पहाटे झोपमोड होते म्हणून. पुढे १९४३ साली प्रभूने मला नवा जन्म दिला. तारण झालेला माणूस मंडळीपुढे आपले पाप सांगतो, तसा मी उभा राहिलो आणि आनंदाच्या भरात बोललो, "मी आणि दादानं!" आठवड्यात दादाचे गावप्रमुखपद गेले.

"तुझं पाप तू सांग की! माझं कशाला चव्हाट्यावर आणलंस?" एवढे बोलून तो जो गप्प झाला, तो एकतीस वर्षे.

आमच्यात थडग्यावर पहिली माती थोरला भाऊ टाकतो. मी ख्रिस्तापाशी जाईन यात शंका नव्हती, पण दादा आलाच नाही तर, या काळजीने जेवण जात नव्हते. गेल्या मंगळवारी काठी टेकत त्याच्याकडे चढून गेलो.

"दादा, तुझं पाप सांगून मी मंडळीत मोठा झालो. हे पाप माझं एकट्याचं."

"एवढं सांगायला एकतीस वर्षं? चढ काही एवढा नाही रे."

मी रडलो. त्याने भोपळ्याच्या तुंब्यातली लापशी पुढे केली आणि हळूच विचारले, "तुझ्या प्रभूकडं एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा घेतात का?"

"घेतात. वयाची अट नाही."

"म्हणजे तिथं तू माझ्याहून एकतीस वर्षांनी थोरला! आता तुला दादा म्हणू होय?"

आम्ही इतके हसलो की वहिनी पळी घेऊन बाहेर आल्या. निघताना तो म्हणाला, "माती मीच टाकीन. पण घाई करू नकोस, आधी माझा बाप्तिस्मा बघ."

५. माझ्या मयताला रडारड नको, दारू नको. टाळ्या वाजवून गावे. पहिल्यांदा जन्मलो ते आईला ठाऊक, दुसऱ्यांदा जन्मलो ते मला ठाऊक. मरणाच्या हाताला यातले काही लागत नाही.

साक्षीदार: एरिकाना मुतुंगी, पाळक (सही)
फायबे क्योमुहेंदो, शिक्षिका (सही)
लिहिणार: एनोस्सी बितारिहो (सही)
न्याकागाबा, किगेझी, युगांडा. १४ मार्च १९७४

ता. क. हेझेकिया, दादाचा बाप्तिस्मा ईस्टरच्या रविवारी आहे. माझ्या मयताला उशीर झाला तर चालेल, त्याच्या जन्माला नको. येतोस की नाही, निरोप लगेच धाड.