उघाडीचं शेत आणि क्लबाची फळी

मी, धोंडुबाई काळुराम म्हात्रे, वय सत्तरीच्या पुढे, राहणार मौजे खारढोंबे, तालुका पेण, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहवते. डोकं ठिकाणावर आहे. दबाव कोणाचा नाही. दबाव टाकायला आलेल्या नातवाला, निलेशला, चहा पाजून वाटेला लावलं. लिहिणारे हैबतराव मास्तर. त्यांनी माझं बोलणं फार धुऊन काढू नये.

एक. राहतं घर निलेशला. भांडीकुंडी त्याच्या आईला, म्हणजे माझ्या सुनेला, शांतीला. आदळआपट तिचीच असते, तर भांडीही तिचीच असोत.

दोन. गोल्फ क्लबाविषयी. हे मृत्युपत्रात कशाला, असं मास्तर विचारतात. माझ्या शेतावर डोळा त्यांचाच आहे म्हणून. आधी रोह्याहून कंपनीचे चार साहेब आले, आमच्या गुरचरणात डबे पुरून काठीने चेंडू मारत बसले. मग कुंपण आलं, मग इमारत, मग गुरं बाहेर. म्हणाले, "आजी, क्लब गावासाठीच आहे." गावासाठी काय केलं? डोळे तपासले आणि मला वाचायचा चष्मा दिला. "मला अक्षर येत नाय," मी सांगितलं. "राहू द्या, फोटो काढायचाय," साहेब म्हणाला. तो चष्मा क्लबाच्या सेक्रेटरीला परत द्यावा.

तीन. यंदा भाद्रपदातल्या उधाणाला बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं. आमच्यात रीत आहे: बांधाच्या आत ज्याची जमीन, त्याच्या घरचा एक माणूस चिखल वाहायला येतोच. शेजारचा वाजिद दुबईहून सुटीवर आलेला, तो नव्या पँटीसकट उतरला. माझी नात नमिता, निलेशची बहीण, खांब गावी दिलेली. माहेरपणाला आली होती, फावड्याने माझा अंगठा कापला तशी ती पदर खोचून माझ्या जागी उभी राहिली. क्लबातून कोणी फिरकलं नाही. बांध सांधून झाल्यावर आले, रंगवलेली फळी घेऊन. नमिताने वाचून दाखवली: "बांधदुरुस्ती, गोल्फ क्लबच्या सौजन्याने." फळी धरून उभा कोण? आमचा निलेश. क्लबाचा पांढरा शर्ट, चिखलाचा ठिपका नाही.

"आजी, नोकरी हाय माझी," म्हणाला.

मला किळस आली. अजून जेवताना येते.

चार. उघाडीलगतचं शेत आमच्या मालकांनी, निलेशच्या आजोबांनी, हयातीतच माझ्या नावे केलं. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं बांधाचं दार. क्लबाला तिथे आणखी भोकं पाडायची आहेत. शेत त्यांचं झालं, तर भरतीला दार कोण टाकणार? फळी धरणारे? सगळ्या गावाचा भात त्या दारावर आहे. म्हणून ते शेत नमिताला. तिने ते क्लबाला विकू नये, भाड्याने देऊ नये, बघायलासुद्धा देऊ नये.

"'बघायला' हे कायद्यात बसत नाय, धोंडुबाय," मास्तर म्हणतात. बसवा.

पाच. ती फळी मी शेतावर कामाला येणाऱ्या विमलबाईकरवी उपटून आणली. सध्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. लाकूड सागाचं आहे, माझ्या सरणावर घालावं. क्लबाचं काहीतरी गावाच्या कामी येईल. मात्र फळी निलेशनेच घालावी, चार लोकांदेखत. घातली, तर नमिताने त्या शेतातला भात दरसाल भावाला पोचवावा.

नाही घातली, तर क्लबात गवत भरपूर आहे.

साक्षीदार: वाजिद मुकादम (सही), विमलबाई जनू ठाकूर (अंगठा)
लिहून देणार: धोंडुबाई काळुराम म्हात्रे, डावा अंगठा. उजव्याला अजून बांधावरची जखम आहे.
मुक्काम पेण, २१ ऑक्टोबर १९९६