खुर्चीवरून दहा वेळा

३ तारीख, सोमवार. सकाळी ७.
आजपासून व्यायाम. फिजिओबाईंनी चित्रांचा कागद दिलाय. भिंतीला ढकलणे, टाचा उचलणे, एका पायावर उभं राहणे, आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे. हे काय व्यायाम झाले? पन्नास वर्षं सुतारकाम केलं, फळ्या खांद्यावर घेऊन तीन-तीन जिने चढलो.
लेकीची अट अशी: रविवारी, तेवीसला ती येणार. तिच्यासमोर दहा वेळा उठलो तर इथेच राहायचं, माझ्या घरात, माझ्या हत्यारांजवळ. नाही उठलो तर बॅग भरून तिच्याकडे. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये दोन तास बसून होतो, त्याचा हा बाऊ. पडलो नव्हतो. बसलो होतो.
वीस दिवस कशाला, चार पुरेत.

४ तारीख.
भिंत ढकलली. घड्याळ खाली आलं. भिंत कच्ची आहे. आजचा व्यायाम इथेच थांबवला.

६ तारीख, गुरुवार.
खुर्ची: शून्य. एकदा मधेपर्यंत गेलो होतो, तो अर्धा धरायला हरकत नाही.
नाचता येईना अंगण वाकडं, म्हणतात लोक. पण लोकांकडे मोजपट्टी नसते. मी मोजलं. साडेसोळा इंच. बुटकी आहे खुर्ची. मीच केली होती, हिच्या मापाने. ही बुटकी, म्हणून खुर्ची बुटकी. आता ती जाऊन सहा वर्षं झाली, भांडायचं कुणाशी?

७ तारीख.
चारी पायांखाली दीड इंचाचे ठोकळे. स्क्रू, सरस, वरून रंधा, पॉलिश. जोड शोधून सापडणार नाही.
तीन वेळा उठलो. पायांत जोर येतोय.

११ तारीख, मंगळवार.
एका पायावर, ओट्याला धरून चार सेकंद. शेजारच्या रिटायर्ड मास्तरीणबाई साखर मागायला आल्या आणि बोलता बोलता एका पायावर उभ्या राहिल्या. काही न धरता. वर विचारतात, हेच ना? वय अठ्ठ्याहत्तर. वजनच नाही त्यांना, वाऱ्याने उभ्या राहतात.
साखर अर्धी वाटीच दिली.

१५ तारीख, शनिवार.
गाडी पाचवर अडली. आणखी दोन इंच चढवले. ठोकळे कापायला फरशीवर बसलो. तिथून उठायला दाराची कडी, टेबल आणि अर्धा तास लागला. त्यामुळे टाचांना वेळ मिळाला नाही.

२० तारीख, गुरुवार.
पुन्हा दोन इंच. दहा! सलग! आता बसलो की पाय जेमतेम टेकतात, पण कागदावर पायांबद्दल काही लिहिलेलं नाही.
लेकीला फोन केला. बॅगेला कुलूप लाव म्हटलं. ती शाब्बास म्हणाली. आवाज जरा ओला वाटला. फोन जुना आहे माझा.

२३ तारीख, रविवार. दुपारी साडेबारा.
आली. दहा वेळा उठून दाखवलं. तिने मोजलं, हसली नाही. मग स्वतः बसली. तिचे पाय जमिनीपासून चार बोटं वर. लहानपणी हलवायची तसे दोनदा हलवले. खाली वाकून पायावरून बोट फिरवलं आणि पहिला जोड सापडला तिला. सुताराची पोर.
"आईची ना ही?" म्हणाली.
मी हो म्हटलं.
"बाबा, व्यायाम तुम्ही खुर्चीला दिलात."
मग तिचं लहानपणीचं स्टूल ओढून आणलं, मीच केलेलं, वीतभर उंचीचं. इथे बसा म्हणाली. बसलो. बसणं मला पहिल्यापासून छान जमतं.
"आता उठा."
बराच वेळ गेला. तिने हात पुढे केला. मी म्हटलं, घाई काय आहे, जरा वही दे.
ती आत बॅग भरतेय. मधेच ओरडून विचारलं, रंधा घेऊ का. घे म्हटलं. दोनांतला कुठला, ते उठून दाखवलं असतं, पण स्टूल फार चांगलं जमलंय. चाळीस वर्षं झाली, एक कुरकुर नाही. अजून थोडं बसतो.
तिच्याकडच्या खुर्च्या किती इंचांच्या आहेत, ते विचारून ठेवलं पाहिजे.