बांधावरची राखण

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला सोपं जातंय. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "पोरी, तू करतंस तरी काय?" तर ऐक. आम्ही खेळाची पुस्तकं छापतो. चार-पाच मोठी माणसं टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होऊन बोलतात आणि अडलं की फासे टाकतात. फासे म्हटल्यावर तू कपाळाला हात लावला असतास, पण यात घर बुडत नाही, फार तर रविवार बुडतो. आमचं पुस्तक म्हणजे या गोष्टींना लागणारा मुलूख: नकाशा, गावं, वेशी, देव, भुतं. प्रकाशन म्हणजे डोंबिवलीतल्या फ्लॅटची पुढची खोली, मी आणि माझा एक भागीदार.

माझ्या मुलखात मी आपलंच मिठागर घातलं. खाडी, बांध, बांधातून पाणी आत-बाहेर सोडायचं ते लाकडी दार आणि दारापाशी उभा राखणदार. त्याच्याबद्दल तीनच ओळी लिहिल्या. तो पाणी अडवतो. तो तोंड दाखवत नाही. त्याच्याकडे पाठ करून निघालं की मागे वळून बघायचं नाही. यापुढे लिहायचा धीर झाला नाही.

तो दिवस तुला आठवत असेल. नवरात्र चालू आहे, मिठाचा हंगाम तोंडावर आलाय आणि तू तापाने फणफणली आहेस. दर वर्षी बांधाला राखण द्यायला, राखणदाराचा नारळ-भाकरीचा मान ठेवायला, तू जायचीस, त्या वर्षी मला पाठवतेस. मी अकरा वर्षांची. तू चुलीपाशी बसून तांदळाची भाकरी पानात बांधतेस, पिशवीत नारळ ठेवतेस. "दारापाशी ठेव, हात जोड, नि मागं वलून बगू नको." मी कुरकुरते, एक वर्ष नाही दिलं तर काय बिघडतं? तशा तापातही तू माझ्यावर कडाडतेस, "पालायचं नसंल तं मान द्यावाच नाय! दिऊन इसरनं लय वाईट." दिवेलागणीला मी परत आले. तू अंथरुणातूनच विचारलंस, "दिला?" मी म्हटलं, "दिला." पुढच्या अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला, नेमका त्या दारापाशी. मिठागर गेलं. तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस, "माज्याच हातून काय तरी चुकलं." मी समोर बसून भाजी निवडत ऐकायची.

पुस्तक निघालं, बऱ्यापैकी खपलं आणि नंतर सहा वर्षं आम्ही त्या मुलखाकडे फिरकलो नाही. लोक मात्र खेळता खेळता तिथे राहायला गेले होते. ठाण्याच्या एका गटाचं पत्र आलं, आमचा राखणदार वाट सोडत नाही, त्याला काय द्यायचं? मग खडवलीहून आलं, जवळजवळ त्याच शब्दांत. दोन्ही गट एकमेकांना ओळखत नाहीत. भागीदार खूश झाला. म्हणाला, "दुसरा भाग काढूया, जाडजूड. राखणदार कोण, कुठून आला, कसा मरतो, सगळं सांगून टाकू. मग हा मुलूख बंद, नवीन चालू." मी म्हटलं, "अरे, लोकांनी आपापल्या टेबलावर जे रचलंय त्यावर आपण वरून बोळा फिरवायचा? आणि मग टाळं ठोकून निघायचं? त्यापेक्षा वर्षाला एक बारीक पुस्तिका देऊ. एखादी नवी वाट, दोन माणसं, एखादी जत्रा. हवं त्याने घ्यावं, नको त्याने सोडावं. कोऱ्या जागा कोऱ्याच राहू दे, पण आपण येत-जात राहायला हवं." तो म्हणाला, "पण राखणदाराच्या मरणाचं प्रकरण तूच लिहून आणलंयस ना?" ते खरं होतं. मला तो मेलेला हवा होता.

गेल्या रविवारी दुपारी कल्याणच्या एका निवृत्त शिक्षकांनी खेळायला बोलावलं. मूळचे देशावरचे, एकेक शब्द घासूनपुसून बोलणारे. चहा झाला, हसणंखिदळणं झालं आणि आमची मंडळी खेळातल्या बांधापाशी पोचली. सरांनी मान खाली घातली. आता ते राखणदार होते. मी विचारलं, "राखणदारा, तुला काय पाहिजे?" खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मग मान वर न करता ते म्हणाले, "नारल पोचला नाय."

आई, माझ्या पुस्तकात नारळ कुठेच नाही. मी कसंबसं विचारलं, "सर, तुम्ही नारल का म्हणालात?" ते म्हणाले, "नारळच म्हणालो मी." बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मग सर स्वतःच गोंधळले. "पण मला नारळ सुचला कुठून? तुमच्या पुस्तकात नाहीये ना?"

काल मी ते मरणाचं प्रकरण फाडून टाकलं. वर्षाला एक पुस्तिका काढायची असं ठरलं, आणि पहिल्या पुस्तिकेत राखण कशी द्यायची ते असेल. आज सकाळी नारळ-भाकरी घेऊन मी आपल्या बांधावर गेले. तिथे आता टॉवरचं गेट आहे. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है?" मला नाव सांगता येईना. भिंतीशी नारळ ठेवला, हात जोडले आणि चालू लागले. मागून वॉचमनचा आवाज आला, "मॅडम, वो आपको बुला रहे हैं." मी वळले नाही. कोण, तेही विचारलं नाही.

त्या दिवशी मी बांधावर गेलेच नव्हते, आई. मला भीती वाटली. ठाण्यात टेंभी नाक्याला नवरात्रातल्या देवीच्या गर्दीत शिरले, रोषणाई बघितली आणि नारळ देवीपुढे ठेवला. देव सगळे सारखेच, अशी मनाची समजूत घातली. भाकरी वाटेत मीच खाल्ली. तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं. आणि हे तुला वाचून दाखवायला कोणी नाही, याची खात्री करूनच मी लिहायला बसले.